आकाशातला दिवाणखाना आणि म्हैसूरचा कारखाना

१९३९ साली युरोपात दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. सोलापूरच्या व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद त्या सुमारास अमेरिकेतून घरी परतत होते. वय सत्तावन्नाव्या वर्षात. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसाच्या पाण्याचे मोठे नळ, रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने अशी कामं त्यांनी उभी केली होती. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही स्वदेशी जहाज कंपनी तर ब्रिटिश आगबोट कंपन्यांच्या डोळ्यांत सलत होती. अमेरिकेत ते गेले होते मोटारींसाठी. हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढायचा, म्हणून डेट्रॉइटच्या कंपन्यांशी बोलणी करायची होती. परतताना अटलांटिकची वाट जर्मन पाणबुड्यांनी धोक्याची केली होती. त्यांनी पॅसिफिकची वाट धरली आणि सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगकडे जाणाऱ्या पॅन ॲमच्या 'क्लिपर'मध्ये बसले.

त्या प्रवासात त्यांची विल्यम डग्लस पॉली या अमेरिकन माणसाशी ओळख झाली आणि त्या ओळखीतून पुढच्या वर्षी म्हैसूर संस्थानात विमानांचा कारखाना उभा राहिला. आज आपण त्याला एचएएल म्हणतो. हिंदुस्थानी उद्योगाच्या इतिहासात ही हकिगत चार ओळींत येते आणि इतिहासकार लगेच कारखान्याकडे वळतात. मला मात्र त्या विमानातच थोडं रेंगाळायचं आहे. लांब पल्ल्याच्या विमानातला पहिला वर्ग म्हणजे नेमकं काय, तिथे माणूस कशाचे पैसे मोजतो, या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

क्लिपर ही उडती बोट होती. पोट जहाजासारखं, उतरणं पाण्यावर. त्या काळी लांब धावपट्ट्या थोड्याच ठिकाणी होत्या, समुद्र मात्र सगळीकडे होता. १९३९ मध्ये पॅसिफिकवर पॅन ॲमच्या दोन जातींच्या बोटी उडत होत्या. मार्टिन कंपनीची थोडी जुनी एम-१३० आणि बोइंगची नवीकोरी ३१४. या दुसरीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इतकी ऐसपैस प्रवासी केबिन त्या काळच्या विमानांत विरळाच. दिवसा ७४ माणसं बसतील आणि रात्री ३६ माणसं आडवी झोपतील एवढी जागा. आत एकामागून एक दालनं. मधलं मोठं दालन दिवसभर बैठकीचं असे. जेवणाच्या वेळी त्याच दालनात टेबलं लागत, त्यांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या जात, चिनी मातीची भांडी मांडली जात. एका पंगतीला चौदा माणसं बसत, मग दुसरी पंगत. वाढणारे पांढऱ्या कोटातले. बायकांची आणि पुरुषांची कपडे बदलायची दालनं वेगळी. शेपटीच्या टोकाला नवपरिणीतांसाठी म्हणून एक खास खोली. पंखांच्या आतून वाकून जायची वाट होती, त्या वाटेने मेकॅनिक उडत्या विमानात इंजिनापर्यंत पोहोचत असे. रात्री दिशा ठरवायची ती ताऱ्यांवरून.

वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. आजच्या जेटच्या तो जेमतेम एक तृतीयांश भरेल. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हे जवळपास ३,८०० किलोमीटर अंतर कापायला एक अख्खी रात्र आणि वर काही तास लागत. पुढे मिडवे, वेक, ग्वाम, मनिला अशा एकेका दिवसाच्या उड्या. मधल्या रात्री बेटांवरच्या हॉटेलांत. मिडवे आणि वेक ही भर समुद्रातली ओसाड बेटं. पॅन ॲमने १९३५ मध्ये जहाज भरभरून सामान तिथे नेऊन तळ उभारले होते, मागोमाग हॉटेलं बांधली. वेकवर पिकवायला धड माती नव्हती, म्हणून प्रवाशांच्या ताटात ताजी भाजी पडावी यासाठी मातीविना नुसत्या पाण्यात भाज्या वाढवण्याचा प्रयोग तिथे झाला. सॅन फ्रान्सिस्को ते हाँगकाँग एका वेळचं भाडं होतं ७६० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच हजार रुपयांच्या घरात. शाळामास्तराला महिन्याकाठी तीस-चाळीस रुपये मिळाले तरी खूप, अशा काळातली ही रक्कम.

हे भाडं पहिल्या वर्गाचं होतं असं म्हणावं, तर दुसरा वर्ग त्या विमानात नव्हताच. विमानात बसलेला प्रत्येक जण पहिल्या वर्गातलाच. आपल्या बाजूला इंपीरिअल एअरवेजच्या उडत्या बोटींचंही तसंच होतं. त्या इंग्लंडहून कराचीला येत, तिथून मेवाडातल्या राजसमंद तलावावर आणि मग ग्वाल्हेरला शिंद्यांच्या राज्यातल्या तलावावर उतरून कलकत्त्याकडे, पुढे सिंगापूर-सिडनीकडे जात. त्यांच्यात तर प्रवाशांनी उभं राहून खाली बघावं म्हणून खिडक्यांलगत कठडा असलेला एक सज्जा होता. ग्वाल्हेरच्या मराठी सरदारांच्या घरच्या माणसांनी तलावावर उतरणारी ती विमानं पाहिली असणार.

भीतीही होती. १९३८ च्या जुलैमध्ये 'हवाई क्लिपर' ही ग्वाम आणि मनिला यांच्यामधल्या समुद्रावर पंधरा माणसांसह नाहीशी झाली, तिचा मागमूस लागला नाही. उड्डाणाआधी सामानाबरोबर प्रवाशाचंही वजन होत असे, इतकं इंधनाचं गणित काटेकोर होतं. अशा विमानात चढणारी माणसं मोजकी. सरकारी अधिकारी, लष्करी माणसं, मोठे व्यापारी, एखादा वार्ताहर. सहा दिवस एकाच बैठकीत बसायचं, एकाच पंगतीला जेवायचं, एकाच बेटावर उतरून समुद्राकाठी हिंडायचं. शेजारी कोण बसलंय हे कळायला वेळ लागत नसे, आणि कळल्यावर बोलायला भरपूर वेळ उरत असे.

पॉली हा विमानं विकणारा गडी होता. चीनमध्ये त्याची 'सेंट्रल एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' अमेरिकेहून आलेले विमानांचे भाग जोडून चीनच्या सरकारला लढाऊ विमानं देत होती. जपानी सैन्य जसजसं पुढे सरकलं तसतसा हा कारखाना हांगचौहून हांकौला आणि शेवटी थेट ब्रह्मदेशाच्या सीमेवर युनान प्रांतातल्या लोइविंगला हलला. कारखाना उचलून दुसरीकडे मांडायचा कसा, अमेरिकेतून यंत्रं किती दिवसांत येतात, कारागीर किती दिवसांत तयार होतात, हे त्याला तोंडपाठ होतं. वालचंदांच्या डोक्यात तेव्हा मोटार होती. जहाज होतंच. विमानाचा विचार या माणसाच्या सहवासात आकाराला आला.

त्यांच्यात नेमके कोणते शब्द बोलले गेले ते मी रंगवणार नाही. पण वालचंदांचा स्वभाव त्यांच्या बाकीच्या कामांवरून दिसतो. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांची एक जुनी आगबोट विकाऊ आहे असं कळलं, तेव्हाही त्यांनी फार वेळ घेतला नव्हता. ती बोट, 'लॉयल्टी', ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. समोर आलेल्या माणसातली आणि वस्तूतली शक्यता चटकन हेरायची आणि मग सरकार नाही म्हणालं तरी पाठपुरावा सोडायचा नाही, ही त्यांची रीत.

सरकार नाही म्हणालंच. हिंदुस्थानात विमानं बनवायची काय गरज, ती विलायतेतून येतील, असं दिल्ली-लंडनचं म्हणणं. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं आणि सूर बदलला. विलायतेलाच विमानं पुरेनात तिथे हिंदुस्थानला कुठून देणार? आता जागा आणि भांडवल हवं होतं, आणि तेही लवकर. इथे म्हैसूर येतं.

पण कारखान्याआधी तिथल्या एका रेल्वेच्या डब्याकडे वळू. म्हैसूरला रेल्वे स्टेशनाजवळच रेल्वेचं संग्रहालय आहे, १९७९ पासूनचं. म्हैसूरला जाणारे मराठी पर्यटक राजवाडा, चामुंडी, वृंदावन गार्डन एवढं करून उटीच्या गाडीत बसतात. हे संग्रहालय बहुतेकांकडून राहून जातं. तिथल्या श्रीरंग मंडपात महाराणींचा १८९९ चा खासगी डबा ठेवलेला आहे. स्वयंपाकाची सोय, जेवणाची जागा, राजघराण्यासाठीचं न्हाणीघर, सगळं एका चाकावरच्या घरात. डबा आटोपशीर आहे. उभं राहून पाहिलं तर जाणवतं की झोपायची, जेवायची, बसायची जागा एकमेकींत किती चतुराईने बसवली आहे. विमानातल्या पहिल्या वर्गाची आखणी करणाऱ्यांपुढेही नेमका हाच पेच असतो: अरुंद नळकांड्यात घर कसं मांडायचं? १८९९ मध्ये म्हैसूरचा कारभार रीजंट म्हणून महाराणी वाणीविलास पाहत होत्या, कारण कृष्णराज वाडियार चौथे अजून लहान होते. महाराणींच्याच कारकिर्दीत १९०२ मध्ये शिवनसमुद्रमचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली.

कृष्णराज मोठे झाले, त्यांनी जवळपास चार दशकं राज्य केलं आणि ते असं चालवलं की नमुनेदार संस्थान म्हणून म्हैसूरचं नाव झालं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, नाशिक-धुळ्यात नोकरी केलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेले विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात त्यांचे दिवाण होते. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, बंगळुरूची विज्ञान संस्था, स्वस्त वीज हे सगळं त्या परंपरेतलं. विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्यासाठी जंगजंग पछाडलं होतं आणि त्या कामात वालचंद त्यांच्या बरोबरीने होते. म्हणजे म्हैसूरला वालचंद नवखे नव्हते.

३ ऑगस्ट १९४० रोजी कृष्णराज वाडियार वारले. सप्टेंबरात त्यांचे पुतणे जयचामराजेंद्र गादीवर बसले, वय एकवीस. दिवाण सर मिर्झा इस्माईल. एरवी अशा वेळी संस्थानं नवं काही हाती घेत नाहीत. दुखवटा, राज्यारोहण, मानपान यांतच वर्ष जातं. म्हैसूरने त्याच वर्षी बंगळुरूला सातशे एकर जमीन आणि पंचवीस लाख रुपयांचं भांडवल द्यायचं कबूल केलं. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. अध्यक्ष वालचंद, सोबत तुलसीदास किलाचंद, धरमसी खटाव यांच्यासारखे मुंबईकर. कचेरी डोमलूर रस्त्यावरच्या 'इव्हनटाइड' नावाच्या बंगल्यात. यंत्रं आणि माणसं आणायचं काम पॉलीकडे. ऑक्टोबरात लोइविंगच्या कारखान्यावर जपानी बाँब पडले होते. तिथले काही कारागीर आणि सामान पुढे बंगळुरूला आलं.

क्लिपरमधल्या ओळखीपासून कंपनीच्या नोंदणीपर्यंत जेमतेम सव्वा वर्ष. १९४१ च्या ऑगस्टमध्ये इथे जोडलेलं पहिलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान उडालं.

म्हैसूर दरबाराचं मला विशेष कौतुक वाटतं ते पुढच्या वागण्यामुळे. हिंदुस्थान सरकारने १९४१ मध्ये पंचवीस लाख घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपान दाराशी आलेला असताना वालचंद आणि बाकीच्या प्रवर्तकांना पैसे देऊन सरकारने त्यांचे हिस्से विकत घेतले. म्हैसूरने आपला हिस्सा विकायला नकार दिला. व्यवस्थापन सरकारच्या हाती दिलं, मालकी राखली. वालचंदांनी जन्माला घातलेलं बाळ वर्ष-दीड वर्षात दुसऱ्याच्या मांडीवर गेलं, पण म्हैसूरने त्याचा हात सोडला नाही. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडे गेला आणि तिथे दुरुस्तीला आलेल्या विमानांत कॅटालिना जातीच्या उडत्या बोटीही होत्या. त्या बेळ्ळंदूरच्या तळ्यावर उतरत. समुद्रावरच्या एका उडत्या बोटीत सुचलेल्या कारखान्यात उडत्या बोटीच दुरुस्तीला आल्या, हा योगायोग मला फार आवडतो.

आणि कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. गॉटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. १९४० मध्येच ते या कारखान्यात आले. परदेशी विमानांचे भाग जोडणं आणि आपलं विमान कागदावर आखणं यांत जे अंतर आहे, ते या माणसाने ओलांडलं. त्यांनी आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालं आणि पुढे भारतीय वैमानिकांच्या कैक पिढ्या त्याच्यावर शिकल्या. क्लिपरच्या भाड्यातला एक पैसाही घाटग्यांनी भरला नव्हता. तरी त्या बैठकीतल्या गप्पांचं खरं चीज त्यांच्या टेबलावर झालं असं मी मानतो.

मधल्या काळात पहिल्या वर्गाचं काय झालं?

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. पस्तीस प्रवासी, भाडं १,७२० रुपये, सगळे एकाच वर्गातले, जेआरडी टाटा स्वतः विमानात. १९५२ मध्ये अटलांटिकवर स्वस्तातला 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा पहिल्या वर्गाला पहिला म्हणायची गरज पडली. मग जेट आलं. एअर इंडियाचं 'गौरीशंकर' हे बोइंग ७०७ १९६० मध्ये लंडनला आणि लगोलग न्यूयॉर्कला जाऊ लागलं. सहा दिवसांचा प्रवास एका दिवसात आला. दिवसांची सोबत तासांवर आली. ते तास गोड करायची जबाबदारी आता कंपनीवर आली. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला तो वाकून नमस्कार करणारा महाराजा या जबाबदारीचा चेहरा झाला.

त्या काळातली एक गोष्ट म्हैसूरच्या मुलुखाशी जोडलेली आहे. १९६७ मध्ये एअर इंडियाने पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला म्हणून चित्रकार साल्वादोर दाली यांच्याकडून चिनी मातीचे ॲशट्रे करून घेतले. शिंपल्याचा आकार, भोवती साप, खाली टेकू म्हणून हंस आणि हत्ती. उलटं धरलं की हंसाचा हत्ती दिसतो आणि हत्तीचा हंस. मोबदला म्हणून दालींनी पैसे न मागता हत्तीचं पिल्लू मागितलं. ते बंगळुरूहून विमानाने जिनिव्हाला नेलं, सोबत माहूत, आणि तिथून गाडीने स्पेनमधल्या त्यांच्या गावी. पहिल्या वर्गातल्या माणसाच्या हाती एक सुंदर वस्तू पडावी म्हणून एखादी सरकारी कंपनी एवढ्या थराला जाते, यात मला उधळेपणापेक्षा आतिथ्याची जिद्द दिसते. दसऱ्याला हत्तीच्या पाठीवर अंबारी चढवणाऱ्या मुलुखातून ते पिल्लू गेलं, हेही शोभून दिसलं.

१९७१ मध्ये 'सम्राट अशोक' हे पहिलं ७४७ आलं. खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांच्या लाल कमानी रंगवलेल्या, आत गोल जिन्याने वर गेलं की पहिल्या वर्गाची बैठक. कंपनी त्याला आकाशातला महाल म्हणत असे. म्हणजे क्लिपरचा दिवाणखाना अजून शाबूत होता, फक्त माडीवर गेला होता. तो फार टिकला नाही. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि जगभरच्या कंपन्यांनी माडीवरच्या बैठका काढून तिथे खुर्च्या लावल्या. दशक संपता संपता 'बिझनेस' हा तिसरा वर्ग मधे शिरला. तेव्हापासून पहिल्या वर्गाने आपलं मोठेपण एकाच गोष्टीवर मोजलं, ती म्हणजे माणसामागे किती जागा. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश एअरवेजने पूर्ण सपाट होणारा बिछाना आणला. २००० मध्ये तोच बिछाना बिझनेसवाल्यांनाही मिळाला. मग पहिल्या वर्गाने द्यायचं तरी काय? उत्तर निघालं: दार. २००३ मध्ये एमिरेट्सने, २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सरकतं दार असलेल्या खोल्या दिल्या. २०१७ मध्ये एमिरेट्सच्या बोइंग ७७७ मध्ये ती खोली छतापर्यंत पूर्ण बंद झाली.

आज म्हैसूरच्या माणसाने पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं तर त्याचा प्रवास बसने सुरू होतो. मंडकळ्ळीचा विमानतळ संस्थानाने चाळीसच्या दशकात बांधला, २०१० मध्ये नव्याने उघडला, पण धावपट्टी आखूड. तिथे पंख्याची छोटी विमानंच उतरतात. म्हणून म्हैसूरकर केएसआरटीसीची फ्लायबस पकडतात. मंड्या, रामनगर, मग बंगळुरूची अख्खी गर्दी ओलांडून देवनहळ्ळीच्या विमानतळावर पोहोचायला चार-साडेचार तास. ज्यांची मुलं न्यूजर्सीत किंवा म्युनिकमध्ये आहेत अशा घरांत ही बस दुधाच्या गाडीइतकी ओळखीची आहे. आणि त्या बसमधून उतरून समोर जे विमान दिसू शकतं ते जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान असतं: २०२२ च्या ऑक्टोबरपासून एमिरेट्स बंगळुरूला दुमजली ए-३८० आणते. वरच्या मजल्यावर पुढे पहिल्या वर्गाच्या चौदा खोल्या, प्रत्येकीला दार. अंघोळीसाठी दोन न्हाणीघरं, वाहत्या पाण्याची पाच मिनिटं मोजून. ढगांच्या वर, बाराशे-पंधराशे नव्हे तर अकरा-बारा हजार मीटर उंचीवर ऊन पाण्याने अंघोळ! महाराणींच्या डब्यातलं न्हाणीघर पाहिलं की ही हौस किती जुनी आहे ते कळतं.

जेवणाचंही सांगितलं पाहिजे, कारण त्यातलं कोडं सोडवणारी विद्या म्हैसूरमध्येच शिकवली जाते. विमानातलं अन्न जमिनीवर शिजतं, झटकन थंड केलं जातं आणि वर फक्त गरम होतं. कितीही महागडं तिकीट असलं तरी हे चुकत नाही. वर हवा कोरडी आणि दाब कमी. २०१० च्या सुमारास लुफ्तान्झासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने विमानाचा सांगाडा दाबाच्या कोठीत ठेवून चाचण्या घेतल्या. मीठ आणि साखर जिभेला चांगलीच कमी जाणवते, टोमॅटोसारखी खमंग चव मात्र टिकते, असं त्यांना आढळलं. आमटी-सांबारासारखे आंबट-तिखट पदार्थ वर का रुचतात आणि फिकं युरोपीय जेवण का मिळमिळीत लागतं, याचं कारण त्यात आहे असं मला वाटतं. कॉफीचं दुःख वेगळं. पाणी म्हैसूरला साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं, विमानाच्या केबिनमध्ये नव्वदीच्या थोडं वर. म्हैसूरच्या स्वयंपाकघरातल्या पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला तो दाट डिकॉक्शन विमानात मिळणं अवघड आहे, पहिल्या वर्गातही.

म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था १९५० पासून चेलुवांबा राजवाड्यात आहे. कृष्णराजांनी तो राजकन्येसाठी बांधला होता. तिच्या जोडीला १९६१ पासून संरक्षण खात्याची डीएफआरएल. १९८४ मध्ये राकेश शर्मा सल्यूत अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्यासाठी रव्याचा हलवा, छोले-बटाटे आणि पुलाव म्हैसूरच्या याच प्रयोगशाळेने करून दिला, आणि त्यांनी तो रशियन सोबत्यांना वाढला. याहून लांब पल्ल्याचा प्रवास एकाही भारतीयाने तोवर केला नव्हता. तिथे वर्ग नव्हता, दार नव्हतं, डबा मात्र सगळ्यांनी मिळून खाल्ला.

माझं म्हणणं इथेच आहे. बंद दाराला मी नावं ठेवत नाही. चौदा-पंधरा तास कामाच्या ताणातून सुटून निवांत झोपायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या म्हाताऱ्या आईला मुलगा असं तिकीट काढून देतो, तेव्हा त्या सपाट बिछान्याची किंमत पैशात होत नाही. पण पहिल्या वर्गाने जे गमावलं ते जागेहून मोठं होतं. वालचंदांनी अडीच हजार रुपये मोजले त्यात झोप होती, जेवण होतं, वेग होता, आणि न सांगता एक अनोळखी माणूस होता. आजच्या चौदा खोल्यांमधून एखादा पॉली आणि एखादा वालचंद शेजारी शेजारी दुबईपर्यंत गेले तरी त्यांना एकमेकांचा पत्ता लागायचा नाही. त्याच विमानाच्या शेपटीकडे, वरच्या मजल्यावर एक गोल बार आहे, पहिल्या आणि बिझनेस वर्गाच्या लोकांनी उभं राहून गप्पा माराव्यात म्हणून. विमान कंपन्यांनी तो टिकवून ठेवला आहे याचा मला आनंद वाटतो. तिकिटाला पैसे घालणाऱ्याने निदान एक तास तरी दार उघडून तिथे जावं.

क्लिपरमध्येही श्रीमंतच श्रीमंतांना भेटत होते, हे मी विसरलेलो नाही. त्या दिवाणखान्यात घाटग्यांसारख्या माणसाला प्रवेश नव्हता. म्हणूनच मला म्हैसूर दरबाराचा वाटा मोठा वाटतो. दोन पैसेवाल्यांच्या प्रवासातल्या गप्पा सातशे एकरांवर उतरवल्या, त्यात वीज घातली, विज्ञान संस्था जोडून दिली, आणि हजारो कारागिरांच्या हाताला काम मिळालं. ती जमीन दिली नसती तर ती ओळख एका प्रवासाची आठवण म्हणून राहिली असती.

त्या जमिनीवरच्या धावपट्टीवरून २००८ च्या मे महिन्यापर्यंत बंगळुरूची सगळी प्रवासी विमानं उडत होती. देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू होईपर्यंत म्हैसूरहून मुंबईला, सिंगापूरला, फ्रँकफर्टला जाणारा माणूस एचएएलच्याच पट्टीवरून वर जाई. मग तो मागच्या रांगेत बसलेला असो की पुढच्या. त्याच रस्त्यावर, ज्याला लोक अजून ओल्ड एअरपोर्ट रोड म्हणतात, २००१ पासून एचएएलचं विमान संग्रहालय आहे. घाटग्यांचं एचटी-२ तिथे जवळून पाहता येतं. बोइंगने ३१४ जातीच्या बारा बोटी बांधल्या होत्या. त्यांतली एकही आज शिल्लक नाही. ती केबिन कशी होती हे डोळ्यांनी बघायचं तर आयर्लंडमधल्या फॉइन्स गावी जावं लागतं. तिथल्या संग्रहालयात तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केली आहे, बैठकीच्या दालनासकट.